उन्हाळ्याची सुरुवात, वणव्याचा धूर आणि वळवाच्या हलक्या सरी: बेळगाव सीमाभागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाल्गुन सरता सरता खानापूरच्या रानात पानगळ पूर्ण होते, गवत वाळून कडक होते आणि पश्चिमेकडील डोंगरांवर धुराची रेघ दिसू लागते. त्यानंतर काही आठवड्यांत दुपारचे ढग आणि वळवाच्या पहिल्या सरी येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि अथणी या तालुक्यांतील, तसेच लगतच्या चंदगड भागातील मराठी वाचकांकडून या दिवसांत जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे मार्च ते मे या काळातील नेहमीच्या हवामानावर आधारलेली आहेत. एखाद्या विशिष्ट दिवसाचा अंदाज मात्र त्या दिवशीच पाहावा.

मार्च-एप्रिलमध्ये या भागात साधारणपणे कसे हवामान अपेक्षित धरावे?

एका जिल्ह्यात तीन प्रकारचे हवामान आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील दुपारचे कमाल तापमान एप्रिलमध्ये सरासरी ३५ ते ३६ अंश सेल्सिअसच्या घरात राहते आणि रात्री हवा बऱ्यापैकी उतरते. पूर्वेकडे अथणी, रायबाग, गोकाक हा भाग सखल आणि कोरडा असल्याने तेथे पारा ४० अंशांना टेकणे नवलाचे नाही. पश्चिमेकडे जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या पट्ट्यात मात्र दाट जंगल, समुद्राकडून येणारी दमट हवा आणि सकाळचा गारवा असतो. वर्षभराच्या पावसाचा फरक पाहिला, तर अथणीकडे जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो, तर कणकुंबीला तो काही हजार मिलिमीटरवर जातो. एवढी तफावत असताना ‘बेळगाव जिल्हा’ या एका नावाखाली दिलेला अंदाज सर्व तालुक्यांना सारखा लागू पडेल, अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

बेळगाव शहरात वर्षातील सर्वांत उष्ण महिना बहुधा मे नसून एप्रिल असतो. मेमध्ये पश्चिमेचा वारा जोर धरतो, ढग वाढतात आणि दुपारचे तापमान थोडे खाली येते. मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांत कोरडा असतो. वणव्यांच्या दृष्टीने तोच काळ सर्वांत धोक्याचा असतो.

एवढे ऊन असूनही बेळगावसाठी उष्णतेची लाट क्वचितच का जाहीर होते?

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वाढलेले असावे लागते. बेळगाव शहर या मर्यादेच्या खालीच राहते. त्यामुळे लाट जाहीर झालेली नाही म्हणून बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर राबणाऱ्यांना उन्हाचा त्रास होणार नाही, असा अर्थ काढू नये.

मराठी वृत्तवाहिन्यांवरील अंदाज आमच्या गावाला लागू पडतो का?

हा या भागातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. मराठी वाहिन्यांवर दाखवला जाणारा नकाशा कोल्हापूर आणि चंदगडपाशी संपतो. पुढची निपाणी, बेळगाव, खानापूर ही गावे त्या नकाशात नसतात. कोल्हापूर जिल्हा हवामान विभागाच्या ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतो, बेळगाव ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात आणि चोर्ला घाट उतरल्याबरोबर ‘कोकण व गोवा’ हा तिसरा उपविभाग सुरू होतो. बेळगाव जिल्ह्यासाठीचा इशारा बेंगळुरूच्या हवामान केंद्राकडून दिला जातो. कोल्हापूरला पिवळा इशारा आहे, म्हणून तो बेळगावलाही आहे किंवा नाही, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरता येत नाही.

व्यवहारात पुढील पद्धत उपयोगी पडते. अधिकृत इशारा बेळगाव जिल्ह्याचाच पाहावा, मग त्याला शेजारची जोड द्यावी. निपाणी आणि चिक्कोडीच्या लोकांनी कोल्हापूरकडील ढगांची स्थिती पाहावी, अथणीच्या लोकांनी सांगली आणि विजापूरची पाहावी, तर खानापूरच्या पश्चिम भागातील लोकांनी गोवा आणि सिंधुदुर्गातील वारा व आर्द्रता यांवर नजर ठेवावी. हवामान विभागाच्या ‘मौसम’ आणि शेतीसाठीच्या ‘मेघदूत’ या अॅपवर जिल्हा निवडता येतो. तेथे चुकून शेजारचा जिल्हा निवडलेला राहिला नाही ना, हे एकदा तपासावे.

हा धूर नेमका कोठून येतो?

एकाच ठिकाणाहून नाही. पहिला आणि सर्वांत मोठा स्रोत सह्याद्रीतील वणव्यांचा. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य, त्याला लागून असलेले गोव्याचे म्हादई अभयारण्य, दक्षिणेकडे दांडेली-जोयड्याचे जंगल आणि उत्तरेकडे तिलारीचे खोरे, असा हा सलग हिरवा पट्टा आहे. आगीला राज्याची हद्द ठाऊक नसते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात अनेक ठिकाणी लागलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या आणि त्या विझवण्यासाठी नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टर पाणी ओतत होती, हे अनेकांना आठवत असेल.

दुसरा स्रोत आपल्या शेताचा आहे. ऊस गेल्यावर खोडव्यासाठी, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकासाठी, रान मोकळे करताना पाचट (उसाची वाळलेली पाने) पेटवले जाते, आणि चिक्कोडी, हुक्केरी, रायबाग, गोकाक हा तर उसाचाच पट्टा आहे. घाटालगतच्या काही गावांत भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपे तयार करण्यासाठी, जागा भाजली जाते, काजूच्या बागेतील पालापाचोळा ओढून जाळला जातो, बांध पेटवले जातात. याशिवाय खानापूर भागातील वीटभट्ट्या आणि शहरातील पेटवलेला कचरा यांचा धूर आहेच. शहरातील माणसाला सकाळी जो वास येतो, त्यात या सगळ्यांचा वाटा असतो. त्यामुळे प्रत्येक धूसर सकाळीचे खापर जंगलावर फोडणे बरोबर नाही.

सकाळी धूर दाट असतो आणि दुपारी विरतो, असे का होते?

रात्री आकाश निरभ्र असले की जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतची हवाही गार, जड होते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर येतो आणि तो झाकणासारखा बसतो. खालचा धूर वर जाऊ शकत नाही आणि मलप्रभा व मार्कंडेय नद्यांच्या सखल खोऱ्यांत साठून राहतो. सूर्य वर आला, जमीन तापली की हे झाकण मोडते, हवा वर-खाली घुसळते आणि धूर पातळ होतो. साधारण सकाळी सहा ते नऊ हा काळ म्हणूनच सर्वांत वाईट असतो. फिरायला, धावायला आणि मुलांना मैदानावर नेण्याला आपण नेमकी हीच वेळ निवडतो.

वाऱ्याची दिशाही दिवसात बदलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे आणि सकाळी पूर्वेकडून कोरडा वारा वाहतो, तेव्हा खानापूरच्या रानातील धूर घाटाखाली सत्तरी, दोडामार्गकडे उतरतो. दुपारनंतर समुद्रावरचा वारा घाट चढून येऊ लागला की प्रवाह उलटतो आणि घाटाखालचा धूर कणकुंबी, जांबोटीच्या दिशेने वर येतो. बेळगाव शहराला संध्याकाळी अचानक धुराचा वास येण्यामागे अनेकदा हेच कारण असते. आग त्या क्षणी जवळ लागली आहे, असे समजून घाबरण्याची गरज नसते. त्याच कारणाने, दुपारी आकाश स्वच्छ दिसले म्हणून आग विझली असेही समजू नये.

धूर आहे, धुके आहे की धूळ, हे साध्या डोळ्यांनी कसे ओळखावे?

धुके पांढरे आणि ओले असते. त्याने गवत, वाहनांच्या काचा दमट होतात आणि ऊन चढले की ते उठते. धूळ तांबूस किंवा पिवळसर दिसते, बहुधा दुपारच्या वाऱ्याबरोबर येते आणि दातांत करकरते. धूर निळसर-राखाडी असतो, त्याला वास असतो, डोळे चुरचुरतात आणि मावळता सूर्य त्यातून तांबडा गोळा होऊन दिसतो, पण हाताला ओल लागत नाही.

आग किती जवळ आहे, हे ओळखण्याची एक खूण गृहिणींना चांगली माहीत आहे. याच दिवसांत गच्चीवर सांडगे, कुरडया, पापड वाळत घातलेले असतात. पांढऱ्या कपड्यावरच्या त्या वाळवणावर गवताच्या पात्याच्या आकाराची काळी, बोटाने चुरडताच भुगा होणारी राख पडू लागली, तर आग फार दूर नाही. दूरच्या वणव्याची हवेत तरंगणारी बारीक काजळी अशी नजरेत भरत नाही. तिचा पत्ता फक्त वासावरून आणि क्षितिज पुसट होण्यावरून लागतो. बेळगावकरांनी यासाठी येळ्ळूरचा राजहंसगड किंवा वैजनाथाचा डोंगर ही खूण धरावी. दोन्ही शहरापासून पंधराएक किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. सकाळी नऊ वाजता, धुके नसताना, त्यांची रेषाही दिसत नसेल, तर हवा चांगली नाही असे समजण्यास हरकत नाही.

हलक्या पावसाने वणवा विझतो का?

बहुतेक वेळा नाही, आणि या बाबतीतला गैरसमज महागात पडतो.

हवामान विभागाच्या भाषेत २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हलका पाऊस’. अडीच मिलिमीटर पाऊस एका गुंठ्यावर पडला, तर ते पाणी होते सुमारे अडीचशे लिटर, म्हणजे एका मोठ्या बॅरलपेक्षा थोडे जास्त. एप्रिलमध्ये आपल्याकडे उघड्या भांड्यातील पाणी एका दिवसात सहा-सात मिलिमीटर सहज उडून जाते. म्हणजे संध्याकाळी पडलेली हलकी सर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवेत परत गेलेली असते. त्यातही दाट झाडीत बरेचसे पाणी पानांवर आणि फांद्यांवरच अडकते, खाली पाचोळ्यापर्यंत पोहोचतच नाही.

वाळलेले गवत आणि पाने लवकर भिजतात, पण तितक्याच लवकर, कधीकधी तासाभराच्या उन्हातही, पुन्हा पेट घेण्याजोगी होतात. उलट पडलेले ओंडके, जुन्या झाडांच्या ढोल्या, बांबूच्या बेटांचे गड्डे यांच्या आत शिरलेली धग हलक्या सरीला दाद देत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते आणि दोन-तीन दिवसांनी वारा सुटला की पुन्हा ज्वाळा निघतात. वनरक्षक आग आटोक्यात आल्यावरही त्या जागेवर पाळत का ठेवतात, याचे उत्तर यात आहे. आग खऱ्या अर्थाने शांत व्हायला एकापाठोपाठ अनेक दिवस पडणारा, जमीन भिजवणारा पाऊस लागतो.

सर पडल्यानंतर धूर कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटतो, तोही भास नसतो. ज्वाळा दबतात, पण ओले झालेले लाकूड अर्धवट जळू लागते आणि पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर जमिनीलगत पसरतो. त्या रात्री आकाश उघडले, तर सकाळी वर सांगितलेले झाकण बसतेच.

निदान पावसाने हवा तरी धुऊन निघते ना?

जोराच्या पावसाने बऱ्याच प्रमाणात निघते. हलक्या सरीने मोठे कण, म्हणजे धूळ आणि राख, खाली बसते. त्यामुळे हवा डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि मातीचा सुवास येतो. फुप्फुसाला खरा त्रास देणारे, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र पावसाच्या थेंबाच्या भोवतालच्या हवेबरोबर बाजूला सरकतात आणि बरेचसे तसेच राहतात. दम्याच्या रुग्णांनी सर पडली म्हणून औषध थांबवू नये. अनेकदा पावसाबरोबर आलेला वाराच हवा अधिक साफ करतो.

वळवाचा पाऊस दुपारीच आणि एकाच गावावर का पडतो?

दख्खनची जमीन दुपारी तापते, तिच्यावरची हवा वर उठते. अरबी समुद्राकडून येणारी ओल त्या उठत्या हवेत मिसळली की तीन-चारच्या सुमारास उंच ढग बांधले जातात. एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकावरून दक्षिणेकडे पसरलेला कमी दाबाचा पट्टा असतो. त्याच्या बाजूने पूर्वेचा आणि पश्चिमेचा वारा भेटतो, तेथे असे ढग अधिक होतात. एकेक ढग मोजक्याच किलोमीटरचा असतो आणि तास-दीड तासात रिता होतो. म्हणून नंदगडला गारा पडाव्यात आणि बिडी गावाकडे रस्ताही ओला होऊ नये, असे घडते. यात अंदाज चुकला असे म्हणता येत नाही.

अंदाजात ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय घ्यावा?

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. तुरळक पावसाच्या अंदाजावर पेरणीचा किंवा फवारणीचा निर्णय घेऊ नये. मात्र उघड्यावर माल असेल, तर त्याच अंदाजावर ताडपत्री तयार ठेवावी. नुकसान करायला एकच ढग पुरतो.

या सरी पिकांना आणि धंद्यांना हिताच्या की अहिताच्या?

कोणाच्या, यावर ते अवलंबून आहे. खानापूर आणि चंदगडचा भात उत्पादक वळवाची वाट पाहतो, कारण मशागत आणि नंतरची धूळवाफ पेरणी (मोसमी पावसाआधी कोरड्या भुसभुशीत मातीत केलेली पेरणी) या ओलीवर उभी असते. खोडव्याच्या उसाला आणि जनावरांच्या चाऱ्याला ती सर वरदान असते. काजूच्या बागायतदाराची स्थिती उलट आहे. वेचणीच्या दिवसांत बी भिजून काळी पडली की दर उतरतो. आंब्याला वाऱ्याची भीती अधिक असते, कैऱ्यांचा सडा पडतो आणि गारपिटीचा मार बसलेले फळ टिकत नाही. अथणीकडील द्राक्ष बागायतदारांचा बेदाणा याच सुमारास शेडवर वाळत असतो. त्याला दोन दिवसांचे ढगाळ हवामानही पुरेसे बाधते, कारण मणी काळवंडतो.

वीटभट्टीवाल्यांचे नुकसान कमी बोलले जाते. खानापूर तालुक्यात हा मोठा व्यवसाय आहे. थापून ओळीने मांडलेल्या कच्च्या विटेवर दहा मिनिटे सर पडली, की तिच्या अंगावर थेंबांचे खड्डे उमटतात, कडा ढासळतात आणि ती विकण्याजोगी राहत नाही. चिखल पुन्हा मळून नव्याने थापणी करावी लागते आणि त्या कुटुंबाची तितक्या दिवसांची मजुरी पाण्यात जाते. अशा कामगारांपर्यंत दुपारच्या विजांचा आणि पावसाचा इशारा त्यांच्या भाषेत, वेळेवर पोहोचवणे हे भट्टीमालकाने आपले कर्तव्य मानावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

भाताचे पिंजर आणि कडब्याच्या गंजींविषयीही एक सूचना. पावसाच्या भीतीने सगळी गंज घराला चिकटून रचली जाते आणि मग वणव्याची एक ठिणगी किंवा विजेच्या तारांचे घर्षण घरापर्यंत आग नेते. गंज घरापासून, गोठ्यापासून आणि तारांपासून दूर, शक्य तर दोन भागांत रचावी आणि तिच्याभोवतीचे गवत काढून जमीन मोकळी ठेवावी.

एक सर पडून गेल्यावर बांध किंवा पाचट जाळणे सुरक्षित असते का?

नाही. आग रानात शिरण्याच्या घटना ज्या चुकीने घडतात, त्यातली ही एक प्रमुख चूक आहे. जमीन ओली दिसते, माणूस निर्धास्त होतो, काडी लावून घरी जेवायला जातो आणि दुपारी वाऱ्याने ठिणगी कोरड्या उतारावर पोहोचते. आपल्याकडील वणवे वीज पडून क्वचित लागतात. जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात, मग ती बांधाची आग असो, नव्या गवतासाठी डोंगर पेटवणे असो, मध काढतानाचे पोळ्याखालचे टेंभे असोत किंवा विडीचे थोटूक.

उसाचे पाचट जाळू नये, हा आमचा स्पष्ट आग्रह आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते उसाच्या ओळींमधील चरांत पसरले तर जमिनीची ओल टिकते, तण कमी येते आणि वर्षभरात त्याचे खत होते. जाळले तर यातले काहीच उरत नाही. अभयारण्यात आग लावणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार गुन्हा आहे. राखीव जंगलासाठीही कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत वनकायद्याने तशीच बंदी आहे.

हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहून घराबाहेर पडण्याचा निर्णय घेता येईल का?

काही प्रमाणात येईल. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर मानली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर हा आकडा मिळतो. मात्र दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. सूक्ष्म कणांसाठीचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढला जातो, त्यामुळे सकाळचा तीन तासांचा दाट धूर दुपारच्या स्वच्छ हवेत मिसळून आकड्यात सौम्य दिसतो. शिवाय मापनयंत्रे मुख्यतः शहरांत असतात, त्यामुळे आमगाव किंवा कणकुंबीच्या माणसाला शहराचा आकडा फारसा उपयोगी नाही. तेथे डोंगराची रेषा, वास आणि स्वतःचा श्वास यांवरच विसंबावे.

धुराच्या दिवसांत कोणी आणि कोणती काळजी घ्यावी?

दमा, जुना खोकला किंवा हृदयविकार असलेले, गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनी सकाळचा दाट धूर टाळावा. फिरणे दुपारनंतर हवा मोकळी झाल्यावर, पण ऊन उतरल्यावर ठेवावे. सकाळी खिडक्या बंद ठेवाव्यात, वारा सुटून हवा साफ झाली की उघडाव्यात. दिवसभर बंद घरात चूल, उदबत्ती आणि डासांची कॉइल पेटवून ठेवली, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट होते. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

तोंडाला बांधलेला रुमाल, पदर किंवा ओला पंचा राख अडवतो, सूक्ष्म कण अडवत नाही. त्यासाठी एन-९५ प्रकारचा, नाकाभोवती घट्ट बसणारा मास्क लागतो. गालावर फट राहिली, तर त्याचाही उपयोग नाही. नेहमीचा इन्हेलर जवळ ठेवावा. बोलताना धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाऊस हलका असताना विजेचा धोकाही कमी असतो का?

नाही. वळवाच्या ढगात पाऊस थोडा आणि विजा भरपूर, असे सर्रास होते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटरमध्ये अंतर कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, तेव्हा पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली किंवा यात्रेच्या मांडवात थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप जवळपासच्या विजांची सूचना देते.

चोर्ला, अनमोड किंवा आंबोली घाटातून प्रवास करताना काय पाहावे?

धुरातून जाताना दिवे खालच्या झोतावर ठेवावेत आणि रस्त्याकडेला आग दिसत असेल, तर पुढे न जाता मागे फिरावे. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून निसरडा थर तयार होतो, दुचाकी घसरण्याचे प्रकार तेव्हाच अधिक होतात. घाटात गाडी थांबवून चूल मांडणे, सिगारेटचे थोटूक फेकणे हे कटाक्षाने टाळावे.

पहिल्या सरीचे पाणी पन्हाळीतून साठवावे का?

पहिल्या एक-दोन सरींचे पाणी साठवू नये. कौलांवर आणि पत्र्यावर साचलेली राख, काजळी आणि धूळ त्याबरोबर येते. छप्पर धुऊन निघाल्यानंतरचे पाणी धरावे.

हा हंगाम केव्हा संपतो?

वणव्याचा जोर साधारणपणे एप्रिलच्या उत्तरार्धात, सरी वारंवार येऊ लागल्यावर ओसरू लागतो आणि मेअखेर, रोहिणी लागल्यावर, बराच कमी होतो. मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास आणि आपल्याकडे त्यानंतर आठवड्याभरात, मृगाच्या आसपास अपेक्षित असतो, पण दरवर्षी तसेच होत नाही. २०२५ मध्ये तो २४ मे रोजीच केरळात पोहोचला. कधी अरबी समुद्रातील चक्रीवादळामुळे मेच्या मध्यातच रान भिजते, जसे २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या वेळी झाले. वळीव लांबला, तर मात्र मेचा पहिला पंधरवडाही मार्चइतकाच जपून काढावा लागतो.

वणवा दिसल्यास कोणाला आणि काय कळवावे?

सर्वप्रथम जवळच्या वनक्षेत्रपाल कार्यालयाला किंवा वनरक्षकाला कळवावे. त्यांचा क्रमांक ग्रामपंचायतीतून आताच घेऊन भिंतीवर लिहून ठेवावा. तो हाताशी नसेल, तर ११२ वर फोन करावा. चंदगडच्या बाजूला महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाद्वारे आगीच्या सूचना वनविभागाला पाठवते, पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि ढगाखालची किंवा लहान आग त्याला दिसत नाही. त्यामुळे गावातून गेलेला फोन अनेकदा आधी पोहोचतो.

फोनवर जवळच्या वाडीचे किंवा नाल्याचे नाव, आग उताराच्या पायथ्याशी आहे की माथ्याकडे आणि धूर कोणत्या दिशेला झुकतो आहे, एवढे सांगावे. मोबाईलवरील नकाशातून ठिकाण पाठवता आले तर उत्तमच. हिरव्या डहाळ्या घेऊन आग झोडपण्याचे काम अनुभवी माणसांनी, वनकर्मचाऱ्यांसोबतच करावे. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कोणीही थांबू नये आणि नायलॉनचे कपडे घालून तिच्याजवळ जाऊ नये.